पाण्याविना संडास: होडीतली सोय पाथर्डीच्या माळावर

शिडाच्या होडीवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसांपुढे एक अडचण रोज असते. चहूकडे समुद्र, पण गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच, आणि मैला मुरवायला जमीन नाही. पाथर्डी तालुक्यात समुद्र नाही, बाकी अडचण जवळपास हीच आहे. पाणी मोजकं, आणि कित्येक वस्त्यांवर हातभर माती उकरली की कातळ लागतो. होडीवाल्यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे खताचा संडास. पाणी न ओतता, मैला आणि मूत्र वेगळं ठेवून, कोरड्या भरावाखाली मैल्याची माती होऊ द्यायची. हा संडास चालतो कसा, पाथर्डीसारख्या ठिकाणी तो बांधायचा कसा आणि कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, ते इथे सांगतो.

होडीत काय बसवतात

होडीतल्या नेहमीच्या संडासात पंपाने समुद्राचं पाणी आत घेतात. मैला त्या पाण्याबरोबर एका टाकीत साठतो आणि बंदरात टाकी उपसून घ्यावी लागते. या सगळ्यासाठी होडीच्या तळाला भोकं पाडून झडपा बसवतात. पाण्याच्या पातळीखालची झडप निकामी झाली तर होडीतच पाणी शिरतं. शिवाय मैला वाटेल तिथे सोडता येत नाही. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मोठ्या जहाजांनी प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायचा नाही. छोट्या होड्यांना त्या त्या देशाचे किनाऱ्याचे नियम लागतात.

खताच्या संडासात हे काहीच लागत नाही. बैठकीच्या आत एक आडवा पडदा असतो. पुढचं मूत्र सात-आठ लिटरच्या कॅनमध्ये जातं, मागचा मैला खालच्या डब्यात पडतो. डब्यात आधीच ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेला असतो. बाहेरच्या दांड्याने आतलं मिश्रण घुसळतात. संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा नळीवाटे आतली हवा होडीबाहेर काढत राहतो, त्यामुळे वास आत येत नाही आणि मैला लवकर सुकतो. होडी कलते, म्हणून सगळी बैठक फळीला बोल्टने आवळलेली असते. दोन माणसांना असा डबा तीन-चार आठवडे पुरतो.

मात्र एवढ्या दिवसांत मैल्याचं खत होत नाही. डब्यातून निघतं ते सुकत आलेलं, अर्धवट कुजलेलं मिश्रण, आणि त्यात रोगजंतू जिवंत असू शकतात. जमिनीवर नेऊन ते पुढे वर्षभर झाकून ठेवावंच लागतं. होडीतला डबा ही पहिली पायरी आहे. पाथर्डीत ही दुसरी पायरी संडासाच्या पोटातच बांधता येते.

पाथर्डीत याचा विचार का करायचा

पाथर्डी हा पर्जन्यछायेतला तालुका. गर्भगिरीच्या रांगांमध्ये, माणिकदौंडीसारख्या डोंगराळ भागात, मातीचा थर पातळ आणि खाली काळा बेसाल्ट. सपाटीवर काळी चिकण माती असते. ती पावसात फुगते आणि पाणी हळू शोषते.

स्वच्छ भारत अभियानात २०१४ पासून ग्रामीण शौचालयासाठी १२ हजार रुपयांचं अनुदान मिळू लागलं आणि दोन शोषखड्ड्यांचा संडास सुचवला गेला. रचना उत्तम आहे. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिल्याला वर्षभर विश्रांती द्यायची. पण तिला मुरणारी जमीन लागते. कातळात खड्डा खणायला ब्रेकर लावावा लागतो, आणि खणला तरी पाणी झिरपतं ते खडकाच्या भेगांतून. त्या भेगा शेजारच्या विहिरीला जाऊन मिळाल्या असतील तर मैलापाणी न गाळताच विहिरीत उतरतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. टंचाईत टँकरचं पाणी माणशी रोज २० लिटर या हिशेबाने धरतात, म्हणजे पाच माणसांच्या घराला १०० लिटर. ओतायचं आणि धुवायचं मिळून संडासाला त्यातलं पंचवीस-तीस लिटर सहज लागतं. एप्रिल-मेमध्ये घरातली बाई हा हिशेब रोज करते, आणि संडासाचं दार बंद होऊन आत सरपण किंवा कडबा ठेवला जातो तो त्या हिशेबामुळे. त्यात तिची काही चूक नाही. खताच्या संडासातही धुण्याचं पाणी लागतंच, पण तेवढंच. ओतायचं पाणी वाचतं.

ज्यांच्याकडे खोल मुरूम आहे, पाणी बारमाही आहे आणि विहीर दूर आहे, त्यांनी दोन शोषखड्ड्यांचाच संडास बांधावा. खताच्या संडासाला रोजची निगा लागते. गरज नसताना ती अंगावर घेतली तर चार महिन्यांत कंटाळा येतो.

गोपुरीपासून लडाखपर्यंत

कोरडा, खत देणारा संडास महाराष्ट्राला नवा नाही. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९४८ साली कणकवलीत गोपुरी आश्रम सुरू केला आणि मैल्यापासून सोनखत करण्याला आपल्या कामात मध्यवर्ती जागा दिली. गोपुरी पद्धतीच्या संडासात दोन हौद आळीपाळीने वापरायचे आणि मैल्यावर माती-पाला टाकायचा. एक हौद भरतो तोवर दुसऱ्यातलं खत तयार होतं.

अप्पासाहेबांना हा विषय शेतीच्या वाटेने सुचला नव्हता. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचं काम स्वतःसाठी मागितलं. ते नाकारलं गेलं तेव्हा त्यांनी अन्न कमी केलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी त्याच डिसेंबरात उपोषण केलं. एका जातीच्या माथी मारलेलं हे काम प्रत्येकाने स्वतःचं स्वतः करावं, हा त्यांचा आग्रह होता. पुढे देहूला डॉ. सुहास मापुसकर यांनी अप्पासाहेबांची प्रेरणा घेऊन घरोघरी संडास आणि त्याला जोडलेला बायोगॅस, असं काम आयुष्यभर केलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पाण्याची किंवा जमिनीची अडचण असलेल्या इतर ठिकाणीही माणसं याच वाटेने गेली. लडाखमध्ये घराच्या वरच्या मजल्यावरच्या कोरड्या संडासात मातीचा ढीग ठेवलेला असतो आणि खालच्या खोलीतलं खत शेतात जातं. व्हिएतनामच्या उत्तर भागात १९५० च्या दशकापासून दोन हौदांचे कोरडे संडास सरकारनेच पसरवले. केरळच्या किनाऱ्यावर भूजल अगदी वर असल्याने १९९० च्या दशकात कोळीवस्त्यांत मूत्र वेगळं करणारे संडास बांधले गेले. धुण्याची सवय असलेल्या माणसांसाठी भांड्यात काय बदल करावा, हे आपल्याला तिथून शिकता येतं.

रेल्वेच्या डब्याखाली असतं ते बायोटॉयलेट मात्र वेगळं. तिथे बंद टाकीत, पाण्यात, हवेविना जगणारे जीवाणू मैला पचवतात. खताचा संडास कोरडा आणि हवेशीर असतो. काही लोक संडासाच्या हौदात बायोटॉयलेटचं कल्चर आणून ओततात, त्याचा उपयोग होत नाही.

कायदा काय म्हणतो

कोरडा संडास म्हटलं की पहिली शंका कायद्याची येते, आणि ती यायलाच हवी. १९९३ च्या कायद्याने पाटीचे कोरडे संडास बंद केले. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा आजचा कायदा २०१३ चा. मैला पूर्ण कुजण्याआधी जो हाताने साफ करावा किंवा हाताळावा लागतो, तो संडास या कायद्याच्या व्याख्येत अस्वच्छ ठरतो.

खताच्या संडासाचं सारं बांधकाम या एका अटीभोवती उभं करायचं असतं. एकच हौद बांधला तर तो भरल्यावर ताजा मैला उपसावा लागणार, म्हणजे गुन्हा होणार. म्हणून हौद दोन हवेत, आणि भरलेला हौद किमान वर्षभर बंद राहायला हवा. मी आणखी एक अट घालेन. खत काढायचं ते घरातल्याच माणसांनी. त्यासाठी मजूर बोलावायचा विचार असेल तर हा संडास बांधूच नये.

हौद बांधताना

पाच माणसांच्या घराला प्रत्येक हौद आतून तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच पुरतो. त्यात सुमारे साडेसातशे लिटर मावतं. मूत्र वेगळं गेलं आणि भराव मुठीने टाकला तर एवढ्यात वर्ष निघतं.

हौद जमिनीच्या वर बांधायचे. कातळ फोडण्याचा खर्च वाचतो आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. तळ काँक्रीटचा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच. भिंती विटांच्या किंवा घडीव दगडाच्या, आतून प्लास्टर केलेल्या. दोन हौदांमधली भिंत थेट स्लॅबला भिडवायची. गवंडी बऱ्याचदा ती चार बोटं खाली सोडतो आणि मग एका हौदाचा ओलावा दुसऱ्यात जातो. मागच्या बाजूला प्रत्येक हौदाला दीड फूट चौरस दार ठेवायचं आणि शहाबादी फरशीने बंद करायचं. फरशीच्या कडा सिमेंटने न भरता चुन्याने किंवा मातीने भराव्यात, म्हणजे वर्षाने उघडताना छिन्नी-हातोडा लागत नाही. ही दारं दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे आली तर उन्हाने हौद तापतो आणि आतलं लवकर सुकतं.

प्रत्येक हौदातून चार इंची पीव्हीसी पाइप छपराच्या वर दीड-दोन फूट न्यायचा. त्याला काळा रंग द्यायचा, कारण पाइप तापला की आतली हवा वर चढते आणि भांड्याच्या भोकातून ताजी हवा खाली ओढली जाते. होडीत पंखा करतो ते काम इथे ऊन करतं. वरच्या तोंडाला बारीक जाळी लावायची. हौदातली माशी उजेडाकडे, म्हणजे पाइपमधून वर जाते आणि जाळीशी अडकून मरते.

सगळं वर बांधल्याने सहा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी ही मोठी अडचण आहे. डोंगरउतारावरच्या वस्तीला इथे सोय मिळते. हौद उताराकडच्या बाजूला आणि दार चढाकडच्या बाजूला ठेवलं तर पायऱ्या लागतच नाहीत. सपाटीवर मात्र पायऱ्या रुंद करून दोन्ही हातांना कठडा हवा. त्यात काटकसर करू नये.

भांड्याच्या तीन वाटा

होडीतल्या भांड्याला दोन वाटा असतात, कारण तिकडे कागद वापरतात. आपल्याला तीन लागतात. मधलं भोक मैल्याचं, त्याला झाकण. पुढचा उतार मूत्राचा. मागे धुण्याची वेगळी जागा, म्हणजे माणसाने उठून वीतभर मागे सरकायचं आणि तिथे धुवायचं. अशी भांडी फायबरची किंवा चिनी मातीची मिळतात. न मिळाल्यास चांगला गवंडी स्लॅबमध्येच तीन उतार काढून वर गुळगुळीत घोटाई करू शकतो.

धुण्याचं पाणी नळीने बाहेर एका छोट्या वाफ्यात न्यायचं. वाफ्यात खडी, वर माती, आणि त्यात कर्दळ किंवा केळ. या पाण्यात थोडा मैला असतोच, म्हणून तिथे भाजी लावायची नाही आणि वाफा विहिरीपासून दूर ठेवायचा.

सगळ्यात जास्त बिघाड या भांड्यापाशी होतो. पाहुणा येतो, सवयीने मधल्या भोकात तांब्याभर पाणी ओततो, आणि दुसऱ्या दिवशी वास सुटतो. त्यावर उपाय म्हणजे तीन-चार डबे राख आणि दोन दिवस धीर. लहान मुलांना भांड्यावर नीट बसता येत नाही. त्यांचं डब्यात करून, राख टाकून, मधल्या भोकात सोडावं. सॅनिटरी पॅड, प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या हौदात जाता कामा नयेत, कारण त्या कुजत नाहीत आणि वर्षाने हाताला लागतात.

राख की भुसा?

भराव दोन जातींचा असतो आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. लाकडाचा भुसा, पालापाचोळा, कोकोपीट यांत कर्ब भरपूर, तर मैल्यात नत्र जास्त. दोन्ही योग्य प्रमाणात आले, साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र, आणि पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राहिला, की जीवाणू मैला कुजवतात. याला खरं कंपोस्ट म्हणायचं. राख आणि चुना वेगळ्या वाटेने जातात. ते मैला सुकवतात आणि इतका अल्कधर्मी करतात की जंतू मरतात, पण कुजण्याचं काम करणारे जीवाणूही थंडावतात.

पाथर्डीच्या कोरड्या हवेत दुसरी वाट सोपी पडते. हौदात नेमका ओलावा राखणं कठीण, सुकवणं सहज. चुलीची राख आणि चाळलेली कोरडी माती निम्मी-निम्मी मिसळून पोत्यात भरून ठेवावी. गॅस असलेल्या घरात राख नसते. तिथे सॉमिलचा भुसा, भुईमुगाची टरफलं, वाळलेला लिंबाचा पाला चालतो, त्यावर अधूनमधून चुना शिंपडावा. तुरीचं भुसकट वापरू नये. दुष्काळात ते जनावरांच्या तोंडचं असतं.

पहिल्या वापराआधी तळाला चार इंच भुसा पसरायचा. मग प्रत्येक वेळी मैल्यावर दोन मुठी भराव टाकायचा, मैला दिसेनासा होईपर्यंत. पाच माणसांना वर्षाला पाच-सहा पोती लागतात. ती पावसाळ्याआधी भरून ठेवावीत, कारण ओली माती निरुपयोगी. घरात कोणाला जुलाब लागले असतील तेव्हा भराव दुप्पट.

मूत्राचं काय करायचं

माणसाच्या मूत्रात नत्राचा मोठा वाटा असतो, मैल्यात कमी. आपल्याकडच्या आहारावर एका माणसाच्या वर्षभराच्या मूत्रात सव्वादोन किलोच्या आसपास नत्र निघतं. पाच माणसांचं मिळून युरियाच्या अर्ध्या गोणीपेक्षा थोडं जास्त.

भांड्यापासून कॅनपर्यंत दीड-दोन इंची प्लास्टिकचा पाइप चांगल्या उताराने न्यावा. लोखंड गंजतं, आणि बारीक नळी क्षारांनी बुजते. पाइपचं तोंड कॅनच्या तळापर्यंत बुडवावं आणि कॅनला झाकण असावं, म्हणजे अमोनिया उडत नाही. शेतात देताना पाच ते दहा पट पाणी मिसळून ओळीत ओतायचं आणि वर माती ओढायची. स्वतःच्या घरापुरतं पिकवत असाल तर साठवून ठेवायची गरज नाही, फक्त काढणीच्या महिनाभर आधी देणं थांबवायचं. अनेक घरांचं मूत्र एकत्र केलं तर सहा महिने साठवून मगच वापरायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मूत्रात मीठही असतं, आणि पाऊस कमी असलेल्या जमिनीत ते धुऊन जात नाही. म्हणून जागा बदलत राहावं. एकाच झाडाच्या बुडाशी रोज ओतलं तर झाड जळतं.

हौद उघडायची वेळ

उष्ण हवेत भरलेला हौद वर्षाहून जास्त बंद ठेवावा. घाई नको, याचं कारण जंताची अंडी. बाकीचे बहुतेक रोगजंतू काही महिन्यांत मरतात, पण जंताच्या अंड्याचं कवच चिवट असतं. पहिला हौद बंद केल्याची तारीख भिंतीवर कोरून ठेवावी, स्मरणावर सोडू नये.

उघडल्यावर आत कोरडी, करडी, वास नसलेली माती दिसायला हवी. ओल किंवा वास असला तर दोन पाट्या राख टाकून दार पुन्हा लावायचं. सगळं ठीक असेल तर हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून, फावड्याने काढायचं आणि नंतर साबणाने हात धुवायचे. हे खत कापूस, तूर किंवा फळझाडांच्या आळ्यात मातीखाली गाडावं. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना देऊ नये.

कोपीवर काय करता येईल

दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी-शेवगावमधून आणि शेजारच्या आष्टी, शिरूर कासार, पाटोद्यातून हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. तिथे संडास नाही. बाया पहाटे अंधारात उसाच्या कडेला जातात, नाहीतर दिवसभर कळ काढतात. गावातल्या संडासाचा त्यांना अर्ध्या वर्षाला उपयोग नाही. होडीसारखा हलवता येणारा संडास खरा इथे हवा.

पण होडीचा डबा जसाच्या तसा आणून वाटला तर महिन्याने तो ओतणार कोण, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर पुन्हा तेच, हाताने मैला उचलणं. म्हणून डबा मोठा घ्यावा. माणशी रोज साधारण ४०० मिलिलिटर मैला-भराव धरला तर २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप चार जणांच्या कुटुंबाला चार महिने पुरतं. एका हंगामाला, एका कुटुंबाला दोन पिंपं. पिंप कमरेएवढ्या खड्ड्यात उभं करायचं, वर तीन वाटांचं फायबरचं भांडं, भोवती पत्र्याचा आडोसा आणि आतून कडी. मूत्राचा कॅन बाजूला. हात धुवायला पाणी आणि साबण. पिंप भरलं की भांडं दुसऱ्यावर हलवायचं, पहिल्याला घट्ट झाकण लावायचं आणि झाकणात जाळी लावलेली बारीक नळी ठेवायची. मधल्या काळात कोणालाही काही उपसावं लागत नाही.

ही जबाबदारी साखर कारखान्याची असायला हवी, कारण जागा त्याची, हंगाम त्याचा, आणि हंगाम संपून कुटुंब निघून गेल्यावरही पिंपं तिथेच राहणार. झाकणावर बंद केल्याची तारीख रंगाने लिहायची आणि पिंपं कुंपणात ठेवायची. फेब्रुवारीत बंद केलेलं पिंप पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला रिकामं करायचं नाही, तोवर आठ-नऊ महिनेच झालेले असतात. ते तो हंगाम संपताना उघडायचं. म्हणजे प्रत्येक कुटुंबामागे दोनऐवजी चार पिंपं धरून खरेदी करावी लागेल.